पहिल्या पानाची कमान

आमच्या गल्लीतल्या अण्णांनी माझा कॉम्प्युटर पहिल्यांदा बघितला तेव्हा खिशातनं टेप काढली आणि पडद्याची मापं घेतली. आधी रुंदी, मग उंची, मग एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत. मापं झाल्यावर टेप फाटकन मिटली, चष्मा कपाळावर चढवला आणि हा पडदा जणू मीच आखूड कापला होता, असं माझ्याकडं बघितलं.

"इंजिनेर, सव्वा फूट बी न्हाई रं हे. ह्यातनं वरात कशी जायची?"

मी इंजिनेर नाही. दोन हजार सात-आठच्या सुमारास कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत माझं इंटरनेटचं छोटं दुकान होतं आणि जमेल तशा मी लोकांच्या वेबसाइट करून द्यायचो. शिक्षण म्हणाल तर एक डिप्लोमा, तोही रडतखडत. पण ज्याच्या दुकानात वायरी लोंबतात तो इंजिनेर, असा अण्णांचा साधा हिशेब होता. मीही तो कधी दुरुस्त केला नाही. फुकटची पदवी कोण सोडतो?

अण्णा म्हणजे मांडववाले. लग्न, बारसं, गणपती, पुढाऱ्याचा वाढदिवस, काहीही असो, आमच्या पेठेत मांडव अण्णांचा आणि मांडवापुढची कमानही अण्णांची. मांडव कामाची माणसं बांधायची. कमानीला मात्र अण्णा दुसऱ्याचा हात लागू द्यायचे नाहीत. बांबू स्वतः निवडायचे, झालर स्वतः ताणायचे, नवरा-नवरीची नावं स्वतः ब्रशनं रंगवायचे. सगळं झालं की रस्ता ओलांडून पलीकडं जायचे, एक डोळा मिटून बघायचे आणि म्हणायचे, "उजेड कमी पडालाय." मग आणखी एक दिव्यांची माळ वर चढायची.

हे वाक्य त्यांना कुठंही चालायचं. चहा पचपचीत झाला, उजेड कमी. नगरसेवकाचं भाषण रटाळ झालं, उजेड कमी. एकदा माझ्या बायकोच्या पोह्यांतही त्यांना उजेड कमी दिसला. तिनं पुढच्या खेपेला ईर्ष्येनं मिरच्या घातल्या, तेव्हा डोळे पुसत म्हणाले, "हां, आता लागला बघ उजेड."

असा माणूस जोतिबाच्या यात्रेत शिडीवरनं पडला. डोंगराच्या वाटेवर भाविकांच्या स्वागताची कमान बांधत होते, शिडी सरकली, खुब्याचं हाड मोडलं आणि आत सळी बसली. डॉक्टर म्हणाले, शिडी बंद. त्यांचा मुलगा विजय म्हणाला, नुसती शिडी नाही, मांडवाच्या जागेवर पाय टाकणंच बंद. कारण अण्णा आले की चढणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. काठी टेकत अण्णा घराच्या पायरीवर बसायला लागले आणि दारावरून जाणाऱ्या टेंपोतले स्वतःचेच बांबू बघायला लागले. त्या दिवसांत त्यांच्याकडं बघवत नसे.

विजय वाईट नव्हता, हे आधीच सांगतो. त्याला धंदा वाढवायचा होता. बाहेरगावच्या पार्ट्यांना झगमग नको होती, पांढरं कापड, पांढरी फुलं आणि पांढरे पडदे हवे होते. अण्णांनी असला एक मांडव बघून विचारलं होतं, "लग्न हाय का दिवसकार्य?" विजयनं माझ्याकडून वेबसाइट करून घेतली. पहिलं पान पांढरं स्वच्छ, मधोमध एक फोटो, खाली बारीक अक्षरं. विजय खूश, मी खूश. आणि मग एके दिवशी अण्णा काठी टेकत दुकानात आले, टेप काढली, मापं घेतली आणि पान बघितलं. पुढं काय म्हणाले ते तुम्ही ओळखलं असेलच.

मी आतली पानं दाखवायला लागलो. त्यांनी हातानं थांबवलं.

"आतलं नगं. आत जेवण असतंय, ते आचारी बघंल. आपलं काम कमानीपतूर. हे फुडचं पान तेवढं माझ्याकडं दे."

म्हाताऱ्याची समजूत काढावी म्हणून मी साइटवर एक प्लगिन बसवलं. प्लगिन म्हणजे वरून जोडायचा सुटा भाग. ह्यात एक रिकामी चौकट यायची. तिच्यात जे लिहाल त्याप्रमाणे पहिल्या पानाचं रंगरूप बदलायचं, मूळ साइट जशीच्या तशी राहायची. अण्णांना म्हटलं, "हे बघा, घराची भिंत न पाडता पुढं कमान घालायची सोय." मला वाटलं, दोन दिवस खेळतील आणि कंटाळतील. माणसाबद्दल इतका चुकीचा अंदाज मी आयुष्यात दुसऱ्यांदा केला नाही.

त्या चौकटीत लिहायची एक रीत असते. ज्याला रूप द्यायचं त्याचं नाव लिहायचं, महिरपी कंस उघडायचा, आत रंग, जाडी, अंतर लिहायचं आणि कंस मिटायचा. अण्णा सातवी शिकलेले. इंग्रजी अक्षरं मात्र त्यांना नीट येत होती, कारण कमानीवर 'वेलकम' लिहिण्यात हयात गेली होती. त्यांनी पडद्याला नाक लावून तो कंस बघितला आणि मांडीवर थाप मारली.

"आयला, ही तर महिरपच हाय की! दोनी बाजूला खांब, मधी समदा माल. ह्येच्यात काय शिकायचं?"

आत लिहिलेल्या प्रत्येक गोष्टीनंतर अर्धविराम द्यावा लागतो. त्याला ते गाठ म्हणायचे. मी तो विसरायचो आणि पान विस्कटायचं. अण्णा विसरले नाहीत. "गाठ मारल्याबिगर फुडचा बांबू उचलायचा न्हाई," असं म्हणून एक बोट उगारून ते कळ शोधायचे, सापडली की ठोकायचे. माझे दोन कीबोर्ड त्यांनी त्या गाठीपायी निकामी केले. रंगाला तिथं नाव नसून सहा अक्षरांचा नंबर असतो, हे कळल्यावर तर त्यांना फार आनंद झाला. म्हणजे गाडीसारखं की. ते नंबर पाठ करून बाजारात हिंडायचे. गाजरांच्या ढिगापुढं उभं राहून "डबल एफ, ऐंशी, शून्य शून्य" असं पुटपुटणाऱ्या अण्णांना बघून भाजीवाल्या बाईनं मला काळजीनं विचारलं होतं, "अण्णांस्नी बरं न्हाई का वो?"

चुकायचेही भरपूर. एकदा पानाच्या चारही बाजूंनी इतकी जाड झालर लावली की मजकुराला टपालाच्या तिकिटाएवढी जागा उरली. एकदा अक्षरांचा आणि मागचा रंग एकच केला आणि मला म्हणाले, साइटवर चोरी झाली. पण एकदा ते रात्री दुकान बंद होईपर्यंत एकटेच बांधत बसले आणि सकाळी मी दुकान उघडलं, साइट लावली आणि उभाच राहिलो. पानाच्या वरच्या कडेला दिव्यांच्या माळा लागल्या होत्या. एक माळ पिवळी, तिच्याखाली तांबडी, तिच्याखाली पुन्हा पिवळी. मागं काळपट निळं आकाश. फोटो नव्हता, चित्र नव्हतं. चौकटीला ठिपक्यांची किनार देता येते, ती त्यांनी जाड केली, गडद रंगावर ठेवली आणि ठिपक्यांचे दिवे झाले. ही किनार मला माहीत होती. माझ्या डोक्यात ती कधी पेटली नव्हती. मी बायकोला बोलावून दाखवलं, शेजारच्या झेरॉक्सवाल्याला दाखवलं, दिवसभर येईल त्याला दाखवत राहिलो. अण्णा कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून सगळ्यांची तोंडं बघत होते.

"अजून उजेड कमी हाय," म्हणाले. पण त्या दिवशी ते काठी माझ्या दुकानात विसरले आणि तसेच घरी गेले.

त्यानंतर पान सणावाराप्रमाणे सजायला लागलं. नवरात्रात नऊ रंग. दत्तजयंतीला नृसिंहवाडीसारखी भगवी कनात. चैत्रात गुलालानं सगळं पान असं माखलं की बघताना शिंक येईल असं वाटायचं. लोक मुद्दाम दुकानात येऊन विचारायचे, "अण्णांनी आज काय बांधलंय?" हे सगळं ठीक होतं. घोळ पुढं झाला.

एका सोमवारी सकाळी विजयचा फोन. "साइट पडलीया! नुसती काळी अक्षरं दिसाल्यात, बाकी सगळं गायब." मी धावत जाऊन बघितलं. चौकट रिकामी. अण्णांना विचारलं तर ते शांत.

"पडली न्हाई. मीच उतरवली. काल लग्नाची तिथ संपली नव्हं? कार्य झाल्यावर कमान उभी ठिवत न्हाईत. बरं दिसत न्हाई ते."

मी म्हटलं, निदान लिहिलेलं कुठंतरी जपून तरी ठेवा, पुन्हा वापरता येईल. त्यांना ते पटलं नाही. जुन्या सुतळीनं नवी कमान बांधायची नसते म्हणे. आणि खरं सांगतो, बुधवारच्या मुहूर्तासाठी त्यांनी सगळं पुन्हा एका बोटानं, कुठंही न बघता, पहिल्या खांबापासून शेवटच्या गाठीपर्यंत नवं लिहिलं. मी मागं उभा राहून बघत होतो. आमच्या धंद्यात कुणी असं करत नाही, कुणाला जमणारही नाही. ह्या माणसापुढं आपण नुसते वायरी जोडणारे आहोत, असं मला तेव्हा मनापासून वाटलं आणि त्याचं वाईट वाटलं नाही.

मग आषाढ लागला. पूर्वी एकदा गगनबावड्याच्या लग्नात पावसानं अण्णांची कमान झालरीसकट वाहून नेली होती. तो धसका त्यांच्या मनातून गेला नव्हता. पावसाळा सुरू झाला तसं त्यांनी पहिल्या पानावर ताडपत्री घातली. म्हणजे काय, तर वरपासून खालपर्यंत सपाट निळा रंग. खालचं एक अक्षर दिसेना. त्याच आठवड्यात पुण्याच्या एका मोठ्या पार्टीनं विजयची साइट उघडली आणि फोन करून विचारलं, तुमचा धंदा बंद झाला का?

विजय तरातरा दुकानात आला. अण्णा स्टुलावर होतेच.

"इंजिनेर, पासवर्ड बदल. आत्ताच्या आत्ता."

"का रं? पाऊस हाय, ताडपत्री नगं?" अण्णा म्हणाले.

"अण्णा, वेबसाइट हाय ती! तिच्यावर पाऊस पडत न्हाई!"

मला हसू येत होतं. पण अण्णांचं तोंड बघितलं आणि हसू गेलं.

"शिडी काढून घेतलीस, मी गप बसलो," ते म्हणाले. "मांडवाकडं येऊ नगा म्हणलास, गप बसलो. ही एकच कमान ऱ्हायलीया बाबा माझ्या हातात. ही बी काढून घेतलीस तर मी दिवसभर करू काय? पायरीवर बसून माश्या मारू?"

विजय क्षणभर विरघळला असता. पण रागात माणूस नको ते बोलतो.

"उभ्या कोल्हापूरला कमानी घातल्यासा. आक्काला घातलीसा का?"

दुकानात बसलेली गिऱ्हाइकं माझ्याकडं बघायला लागली. मी उगाचच एका कॉम्प्युटरची वायर काढून परत लावली.

आक्का म्हणजे रेखा, विजयची थोरली बहीण. नव्वदच्या दशकात तिनं निपाणीच्या बसवराजशी लग्न केलं. मुलगा चांगला, घरचं कापडाचं दुकान, पण लिंगायत, आणि अण्णा मराठा. अण्णांनी नाही म्हटलं म्हणजे नाही. शेवटी दोघांनी कचेरीत जाऊन सह्या केल्या. त्या दिवशी अण्णा दुसऱ्याच कुणाच्या लग्नाची कमान बांधत होते. ती कमान फार सुंदर झाली होती म्हणतात. निपाणी इथून एस.टी.नं तास-दीड तास. विजय राखीला जाऊन यायचा, अण्णांना सांगायचा नाही. अण्णा गेले नाहीत, तिला बोलावलं नाही, तिचं नावही घेतलं नाही. गल्लीनंही मग त्यांच्यापुढं ते घ्यायचं सोडलं.

अण्णांनी काठी घेतली आणि गेले. विजयलाही चुकल्यासारखं वाटलं असावं, कारण आवाज उतरला. म्हणाला, "पुण्याची पार्टी गुरुवारी साइट बघणाराय. तवर असू दे. गुरुवारी सकाळी येतो, माझ्यासमोर बदल."

दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णा आले. मला वाटलं, विनवणी करतील. त्यांनी मला खुर्चीवरून उठवलं आणि पडद्याची मापं घेतली, पुन्हा, जणू मधल्या काळात तो वाढला असेल. पडद्यावर चित्र कसं लावायचं ते विचारून घेतलं आणि म्हणाले, "आता जा, गिऱ्हाइकं बघ. बांधताना मागं उभा ऱ्हाऊ नगंस." बुधवारीही तेच. जेवायला घरी गेले नाहीत. माझ्या बायकोनं भाकरी पाठवली, ती एका हातानं खात दुसऱ्या हातानं गाठी मारत होते. ताडपत्री निघाली एवढं मी लांबून बघितलं.

गुरुवारी सकाळी विजय आला. अण्णा त्याच्याआधीच येऊन स्टुलावर बसले होते, पडद्याकडं पाठ करून. मी साइट उघडली.

काय सांगू तुम्हाला! मी ह्या माणसाच्या कमानी लहानपणापासून बघत आलोय, पण अशी कमान मी ना रस्त्यावर बघितली ना पडद्यावर. दोन्ही बाजूंना केळीच्या खांबांसारखे हिरवे पट्टे. वर झेंडूच्या रंगाचं तोरण, तेही एकसारखं नव्हे, खऱ्या तोरणासारखं मध्ये जरा झुकलेलं. ते झुकवायला त्यांनी किती चौकटी एकाखाली एक सरकवल्या असतील देव जाणे. तोरणाखाली दिव्यांच्या माळाच माळा. आणि मधोमध नावं. टाइपाची नव्हती, अण्णांच्या हातची होती. कागदावर ब्रशनं रंगवून झेरॉक्सवाल्याकडून स्कॅन करून घेतली होती. चि. सौ. कां. रेखा आणि चि. बसवराज. खाली, कमानीच्या पायाशी, कार्य करणाऱ्याचं नाव असतं तिथं लिहिलं होतं: स्वागतोत्सुक, अण्णा.

विजय माउसवर हात ठेवून नुसता उभा होता. तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला. पुण्याची पार्टी. पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत होता, साइटवर हे कुणाचं लग्न दिसतंय, असं काहीतरी. विजयनं ऐकून घेतलं.

"व्हय," तो म्हणाला. "आज घरचं कार्य हाय. तुमचं उद्या बघू."

मग त्यानं त्याच मोबाइलवरून निपाणीला फोन लावला. "आक्का, दुकानातला कॉम्प्युटर चालू हाय का? आपली साइट उघड. न्हाई, काय झालं न्हाई. तू उघड." बराच वेळ गेला. तिकडं पान हळूहळू उतरत असणार. तेव्हा इंटरनेट तसंच होतं, आधी खांब यायचे, मग तोरण, मग नावं. मला तिकडचं काही ऐकू येत नव्हतं, पण विजयचा चेहरा बघून नावं आली हे कळलं. पासवर्डाचं कुणी नाव काढलं नाही.

त्यानं फोन अण्णांच्या हातात दिला. अण्णांनी तो कानाला लावला. मग घसा खाकरला.

"पुरी दिसतीया का? खालपतूर?"

तिकडून काहीतरी उत्तर आलं.

"दिवे? समदे लागल्यात न्हवं?"

पुन्हा उत्तर. ह्या खेपेला लांबलचक, आणि मध्येच तुटलेलं. अण्णा ऐकत होते. ते काठी जमिनीवर घट्ट दाबत होते.

"मग भाईरच का उभी ऱ्हायलीयास?" ते म्हणाले. "आत ये की."

रेखा संध्याकाळच्या गाडीनं आली, नवऱ्याला घेऊन. अण्णा दुपारीच स्टँडवर जाऊन बसले होते, धुतलेली टोपी घालून, आणि निपाणीकडून येणाऱ्या प्रत्येक गाडीपाशी उठून उभे राहत होते.